शाकाहारी दगड

येडगाव, ता. जुन्नर
११ ऑगस्ट २०२४

चि. साधनास दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून तुला वाटेल, दादाचा मोबाईल हरवला की काय. मोबाईल आहे, पण त्यावर बोललेलं रेकॉर्ड होतं आणि लिहिलेल्याचा फोटो निघतो. मागे सोसायटीच्या निवडणुकीत मी एकाला नुसते हात जोडल्याचं चित्र पाठवलं, तर त्याने ते ‘माजी चेअरमन दादाभाऊंचा जाहीर पाठिंबा’ म्हणून गावभर फिरवलं. तेव्हापासून महत्त्वाचं काम असलं की मी पोस्टाने जातो. आजकाल पोस्टातलं कुणी वाचत नाही.

तर विषय असा. आपल्या तात्यांच्या नावाने फाट्यावर कमान बांधायचं ठरलं आहे. ‘कै. रखमाजीबाबा प्रवेशद्वार’. शेजारच्या गावाची कमान झाली, तिच्यावर दोन हत्ती आहेत. आपल्याकडे पाहुणा गावात शिरून पार मारुतीपर्यंत जातो तरी त्याला कळत नाही की गाव लागलं. हे गावाला शोभत नाही.

नारायणगावच्या दगडवाल्याने दोन नमुने दाखवले. दोन्ही राजस्थानातून येतात. एक गुलाबी, त्याला तो वालुकाश्म म्हणतो. दुसरा पिवळा, चुनखडीचा. मला गुलाबी पसंत आहे. आपल्या धाकट्या बंधुराजांना, म्हणजे रामदासला, पिवळा पसंत आहे. का, तर मला गुलाबी पसंत आहे म्हणून. दुसरं कारण त्याने अजून सांगितलेलं नाही.

तू नागपूरला कॉलेजात दगडच शिकवतेस. तरी दोन्हींची तुलना करून, गुलाबी कसा सरस आहे, ते कॉलेजच्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून पाठव. लिहिताना निःपक्षपातीपणे लिही.

आई बरी आहे. सध्या माझ्याकडे जेवते.

तुझा,
दादा

*

नागपूर
२० ऑगस्ट २०२४

ती. दादास साष्टांग नमस्कार.

निकाल आधीच कळवलास, त्यामुळे माझं निःपक्षपातीपणाचं काम फारच सोपं झालं. तरीही जे खरं आहे तेच लिहिते.

दोन्ही दगड एकाच कुळातले, गाळाचे. म्हणजे थरावर थर बसून, दाबून, घट्ट होऊन तयार झालेले. वालुकाश्मात वाळू असते. जुने डोंगर झिजले, नद्यांनी ती वाळू वाहून नेली, ती कुठेतरी साठली आणि तिचे कण एकमेकांना चिकटले. आईच्या तिळाच्या वड्या आठव. तीळ म्हणजे वाळू, गूळ म्हणजे तो चिकटा. पाक नीट झाला तर वडी दाताला ऐकत नाही, कच्चा राहिला तर हातात भुगा. गुलाबी रंग त्यातल्या लोखंडाचा.

चुनखडी बहुतेक वेळा समुद्राच्या तळाशी होते. शिंपले, शंख, बारीक जीवांची कवचं साचतात, त्यांचा चुना होतो, चुन्याचा दगड होतो. कोरायला मऊ, गुळगुळीत होतो छान. पण आंबटाला भितो. त्यावर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो. वालुकाश्म सहसा फसफसत नाही, पण त्यात पाणी मुरलं तर पापुद्रे सुटू शकतात.

चांगला कुठला? खाणीवर आहे. चांगल्या खाणीची चुनखडी वाईट वाळूच्या दगडापेक्षा शंभरदा बरी, आणि उलटही तितकंच खरं.

पण दादा, आपला अख्खा तालुका काळ्या दगडावर उभा आहे. थिजलेला लाव्हा तो. शिवनेरी त्याचाच, लेण्याद्रीची लेणी त्यातच कोरली. आपल्या बांधावर तो फुकट पडलाय. त्याला सोडून राजस्थानातून गाळ कशाला आणायचा?

आणि आई ‘सध्या’ तुझ्याकडे जेवते म्हणजे काय? आधी कुठे जेवत होती?

साधना

*

येडगाव
९ सप्टेंबर २०२४

ताई, नमस्कार.

मी रामदास. पत्र लिहायची सवय नाय, चुकलं माकलं समजून घे. फोन करनार होतो पण दादाची माणसं माझ्या टपरीवर बसलेली असतात, कान लावून.

तू दादाला पत्र लिहिलंस ते गावाला कळलं. कसं कळलं, तर फाट्यावर फ्लेक्स लागलाय. वर तात्यांचा फोटो, खाली दादाचा त्याहून मोठा, आणि कोपऱ्यात तुझा. तुझा फोटो दादाच्या हर्षालीच्या बारशातला आहे, हातात पेढा आहे. हर्षाली आता कॉलेजात जाती. त्याखाली लिहिलंय: ‘चुनखडी म्हणजे शिंपले, शंख आणि जीवांची कवचं! — भूगर्भशास्त्रज्ञ प्रा. साधनाताई, नागपूर.’ आणि त्याच्या खाली लाल अक्षरात: ‘माळकरी रखमाजीबाबांच्या नावाला मांसाहारी दगड चालेल काय?’

ताई, गावात आता पिवळ्या दगडाला लोक सरळ ‘मटणाचा दगड’ म्हणत्यात. काल कीर्तनात बुवांनीबी विषय घेतला. माझ्या बाजूची दोन माळकरी घरं फुटली. मी सांगून पाहिलं की आपल्या घरातल्या शहाबादी फरशा पण चुनखडीच्या आहेत, त्यावर बसून तात्या रोज जेवले. तर दादा म्हणतो, फरशीवर पाट असायचा.

मग मीबी फ्लेक्स लावला. ‘दादाभाऊंना वाळूच का आवडते? कुकडीला विचारा!’ एवढंच. नदीतनं चोरून वाळू नेणाऱ्या डंपरचं नाव नाय, तारीख नाय. ज्याला समजायचं त्याला समजलं. दादा दोन दिवस घराबाहेर आला नाय.

आता तू एक काम कर. वालुकाश्मात पण काहीतरी वशाट असेल ते शोधून लिही. मासा बिसा काही. नदीतून आलीय वाळू, म्हणजे मासा असणारच.

आई बरी आहे. पंधरा दिवस दादाकडे, पंधरा दिवस माझ्याकडे असं आहे. पण ह्या महिन्यात तिची भूक कमी झालीय.

तुझा,
रामा

*

नागपूर
१६ सप्टेंबर २०२४

ती. दादा आणि चि. रामा,

हे एकच पत्र दोन पाकिटांत घालून पाठवते आहे. एका अक्षराचाही फरक नाही, हवं तर शेजारी ठेवून बघा. निदान त्या निमित्ताने शेजारी बसाल.

दगड मांसाहारी नसतो आणि शाकाहारीही नसतो. तो जेवतच नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शिंपल्याला तात्यांच्या माळेची चिंता नव्हती. आणि दादा, वाळूचे कण जोडणारा चिकटाही पुष्कळदा चुन्याचाच असतो, म्हणजे तुझ्या सोवळ्या दगडातही तेच निघू शकेल. रामा, मासा मी शोधणार नाही.

माझं नाव आणि तो पेढ्याचा फोटो आजच्या आज उतरवा.

आईची भूक का कमी झाली हे दोघांपैकी कुणीही लिहिलेलं नाही. महिन्याचे दोन भाग करून आईला वाटून घ्यायचं कधी ठरलं, तेही मला कुणी कळवलं नाही. उत्तर त्याचं पाठवा. दगडाचं नको.

साधना

*

येडगाव
४ ऑक्टोबर २०२४

चि. साधनास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. थोडं कडक आहे, पण शास्त्रज्ञ माणसाचा स्वभाव तसाच असतो असं मी सर्वांना सांगितलं. तुझा फोटो उतरवला आहे. नवा मिळाला तर बरं होईल.

गोड बातमी म्हणजे वाद मिटला. परवा खास ग्रामसभा झाली. कधी नव्हे ते कोरम भरला, बायकासुद्धा आल्या. तुझ्या पत्राप्रमाणे शास्त्रीय कसोटी घेतली. दोन नमुने दोन बशांत ठेवले आणि संडास धुवायचं ॲसिड आणवलं. गुलाबीवर ओतलं, तर दगड कसा शांत, ध्यानस्थ. पिवळ्यावर ओतलं आणि असा फसफसला की पुढच्या रांगेतली माणसं उठून मागं गेली. मी माईकवरून म्हटलं, “बघा, शिंपल्यातला जीव अजून तडफडतोय.” टाळ्या पडल्या. तर रामदास उठून म्हणतो, “ह्याला जिवंत दगड म्हनत्यात. दादाचा मेलेला हाय, म्हून गप पडलाय.” त्यालाही तेवढ्याच टाळ्या पडल्या. माणसं तीच होती.

शेवटी ग्रामसेवकाने तोडगा काढला. कमानीला खांब दोन. एक गुलाबी, एक पिवळा. डावा कुणाचा, उजवा कुणाचा, यावर थोडी चर्चा झाली, कारण गावात येताना जो उजवा तो जाताना डावा होतो, ही गोष्ट आधी कुणाच्या लक्षात आली नव्हती. तीही मिटली. वरच्या कमानीचा दगड कुठला, हे निवडणुकीनंतर ठरेल. तोवर नुसते खांब उभे राहतील. दगडवाला भला माणूस. त्याने आम्हा दोघांना वेगवेगळं बोलावून वेगवेगळा चहा पाजला.

आई हवापालटासाठी मढला जानकूमामाकडे गेली आहे. तिकडे थंड आहे.

दादा

*

मढ
२७ ऑक्टोबर २०२४

साधनाताईंना नमस्कार.

मी उज्ज्वला, जानकूमामांची सून. आत्याबाई सांगतात तसंच लिहिते. मधे सुधारायचं नाही अशी ताकीद आहे.

साधे, मी हवापालटाला आले न्हाई. मी निघून आले.

त्या सभेत दादा मायकावर म्हनला, “आईची इच्छा गुलाबी दगडाची हाय.” लगीच रामा उठला, “आईनं मला काल सांगितलं, पिवळा.” म्या दोघांलाबी काय सांगितलं न्हवतं. दादाकडं जेवताना दादाची बायकू ईचारायची, “आत्याबाई, गुलाबी बरा ना?” आन् भाकर वाढायची. रामाकडं त्येची बायकू ईचारायची, “पिवळाच बरा ना?” आन् कालवण वाढायची. घास नरड्याखाली उतरंना मंग. एकदा म्हनले, आपला काळाच बरा. तर दोन्ही घरांत दोन दिस कोन माझ्याशी बोललं न्हाई.

सभेत मला दोघांनी दोन दंडांला धरून उभी क्येली. म्हनले, आई, तूच सांग. समदा गाव बघतोय. म्या त्यो मायक हातात घ्येतला आन् म्हनले, “मला लघवीला जायचंय. जाऊ द्या.” लोक हासलं. म्या खरंच गेले. तिथनं तशीच फाट्यावर गेले, जीपला हात क्येला, वतूरला उतरून मढची यष्टी धरली. नेसत्या लुगड्यानं.

तुजा बाप गेला तवा ह्ये दोघं माझ्या दोन बाजूंला बसून रडलं व्हतं. आता त्याच्या नावाचा खांब गुलाबी का पिवळा यावर भांडत्यात, पन त्याचं नाव घेताना एकाच्याबी डोळ्यात पानी न्हाई. त्ये बघून मला आलं.

हितं भात कापनी चाललीया. मी बांधावर बसून राखन करते. दोन येळा जेवते, कोन काय ईचारत न्हाई. तू त्यांला कायबी लिवू नको. येतील त्ये आपल्या पायानं. न्हाई आलं तर न्हाई.

(ताई, आत्याबाई जेवतात नीट. पण रोज संध्याकाळी येडगावकडून येणाऱ्या गाडीच्या वेळेला रस्त्याला जाऊन उभ्या राहतात. हे मी माझ्या मनाने लिहिलंय. — उज्ज्वला)

*

येडगाव
२९ डिसेंबर २०२४

ताई,

दादाचा पाय मोडलाय. घाबरू नको, प्लॅस्टर केलंय, जिवाला धोका नाय. सगळं सांगतो.

खांब दिवाळीनंतर उभे राहिले. गुलाबी इकडं, पिवळा तिकडं. दोघांनी आपापला खांब जरा जाड केला, मग दुसऱ्याने अजून जाड केला. त्यात मधला रस्ता राहिला एवढासा. परवा दुपारी कारखान्याचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन आला. पहिली ट्रॉली निघाली. दुसरी वळताना दादाच्या खांबाला घासली, तिथनं माझ्या खांबाला धडकली. दादा नेमका खाली उभा, फ्लेक्सची दोरी बांधून घेत होता. गुलाबी फरशी सुटली ती थेट त्याच्या नडगीवर.

मी समोरूनच येत होतो, पिकअपमध्ये टोमॅटो, नारायणगावच्या मार्केटला निघालेलो. ताई, मला काय सुचलं नाय. सगळे क्रेट रस्त्यावर ओतले, दादाला दोघातिघांनी उचलून मागं घातला आणि गाडी सोडली. आरशात बघितलं तर त्याचं तोंड पांढरंफट. मला वाटलं, गेला आपला दादा. खोडदच्या वळणावर मागनं ओरडला, “रामा!” मी म्हटलं, “काय रे दादा?” म्हणतो, “आधी कुणाचा पडला?”

ताई, आधी त्याचाच पडला होता. माझ्या खांबाच्या नुसत्या दोन फरश्या निघाल्या. पण मी सांगितलं, “दोन्ही एकदमच पडले दादा. बरोबरीनं.” तो म्हणाला, “मग ठीक आहे,” आणि डोळे मिटले. मी पार दवाखान्यापर्यंत रडत गाडी चालवली. हे कुणाला सांगू नको.

दुसरी गोष्ट. खांब फुटल्यावर दिसलं, आत सगळं काँक्रीट आहे. दगड नुसता बोटभर जाडीचा, वरनं चिकटवलेला. एवढ्या बोटभर दगडासाठी आपण हे सगळं केलं.

सोबत दोन्ही खांबांचे दोन तुकडे पार्सल करतोय. माझा टिकला, त्याचा निखळला, ते दगडामुळं की चिकटवण्यामुळं, तेवढं तपासून सांग. फ्लेक्सला नाय लावत. माझ्या मनाच्या समाधानाला.

आईला कळवलेलं नाय. कोणत्या तोंडाने कळवू?

रामा

*

नागपूर
१२ जानेवारी २०२५

ती. आईस साष्टांग नमस्कार.

उज्ज्वला वाचून दाखवेल, आधी बसून घे.

दादाच्या पायाला लागलं आहे, पण तो बरा आहे. खांबाची फरशी पडली. त्याला रामाने स्वतःचा माल रस्त्यावर टाकून दवाखान्यात नेलं, आणि तेव्हापासून रामाच त्याची उठबस करतो आहे. हे दोघांपैकी एकानेही तुला कळवलं नाही, कारण दोघांना तुला तोंड दाखवायची लाज वाटते.

आता दुसरं. रामाने मला दोन्ही दगडांचे तुकडे तपासायला पाठवले. मी प्रयोगशाळेत गेले, गुलाबी तुकडा फोडला. आई, त्याचा गुलाबीपणा वरवरचा आहे, रंगवलेला; फुटलेल्या कडांना सिमेंट माखलेलं, म्हणून गावात कुणाला दिसलं नाही. आतून तो रामाच्या तुकड्यासारखाच पिवळा. ॲसिडचा थेंब टाकला तर दोन्ही सारखेच फसफसले. दोन्ही चुनखडीच आहेत, बहुधा एकाच खाणीतल्या. दगडवाल्याने ग्रामसभेत खरा नमुना दाखवला, पण माल एकच आणला आणि अर्ध्याला रंग दिला. म्हणजे दादाचा शाकाहारी खांबही शिंपल्यांचाच होता.

पहिल्यांदा मला इतकं हसू आलं की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. मग वाटलं, हे दादाला कळलं तर तो अंथरुणावरून उठणार नाही, आणि रामाला कळलं तर तो फ्लेक्स लावल्याशिवाय राहणार नाही. आत्ता कुठे दोघं एका खोलीत बसू लागलेत. सांगू की नको? तू म्हणशील तसं करते.

तुझी,
साधी

*

येडगाव
३ फेब्रुवारी २०२५

साधना आत्यास नमस्कार. मी हर्षाली. आजी सांगतेय, मी लिहितेय.

साधे, तुजं पत्र उज्ज्वलानं वाचलं आन् म्या पिशवी भरली. जानकूनं यष्टीत बशिवलं. हितं आले तर दादा खाटंवर, पाय उशीवर, आन् रामा त्येला शेविंग करून देत व्हता. मला बघून दोघंबी उठाया लागले. दादाला उठता येईना, रामाच्या हातात वस्तारा, त्येलाबी येईना. म्हनले, बसा.

म्या सैपाक क्येला. दादाच्या बायकूला म्हनले तू पीठ मळ, रामाच्या बायकूला म्हनले तू चूल बघ. दोघींला एका चुलीपाशी बघून मलाच चुकल्यागत झालं. मंग दोघा भावांला एका ताटात वाढलं आन् समदं सांगितलं. तू लिवलंस तसं. कायबी राखलं न्हाई. पोरांपास्नं किती झाकायचं? झाकूनच तर ह्ये झालं.

दादाचा घास हातातच ऱ्हायला. मंग रामाकडं बघून म्हनला, “म्हंजी माझाबी मटणाचाच?”

रामानं तोंड दाबून धरलं, पन त्येला ठसका लागला. साधे, त्यो असा हासला की ताट कलंडलं. आन् दादा त्येला शिव्या देतादेता सोताच हासाया लागला. पाय दुखतोय म्हून रडायचा, आन् रडतारडता पुन्हा हासायचा. बाईर दादाची मानसं एका वट्यावर आन् रामाची दुसऱ्या वट्यावर बसली व्हती, त्यांला कळंना आत झालं काय.

हासून झाल्यावर दादाला राग आला. म्हनला, “मला फसवलं.” रामा म्हनला, “तुला न्हाई, आपल्याला.” दादा म्हनला, “माजी चेअरमनला रंगवलेला दगड दिला?” रामा म्हनला, “आन् मला तुझ्यापरीस ज्यादा भाव लावला, का तर म्हने खास पिवळा.” दोघांच्या कपाळाच्या शिरा अशा फुगल्या, जशा तुज्या बापाच्या फुगायच्या.

आज सकाळीच दोघं निघाले. रामानं पिकअपच्या मागं गादी टाकली, दादाला उचलून बशिवलं, त्याचा पाय टोमॅटोच्या क्रेटवर ठिवला आन् मधी दोन्ही दगडांची फुटकी फरशी घातली. नारायणगावला त्या दगडवाल्याकडं गेल्यात. दादाची बायकू म्हनली, “आत्याबाई, थांबवा त्यांला, तिथं भांडनं व्हत्याल.”

म्या म्हनले, जाऊ दे. भांडायलाच चालल्यात, पन एका गाडीत चालल्यात.